हनुवटी टेकवून

नवी कोरी गिटार मुद्दाम घासायची, तिचा रंग उडवायचा, स्क्रू गंजवायचे आणि मग ती 'जुन्या धाटणीची' म्हणून विकायची, हा धंदा ज्याने शोधून काढला त्याला मला एकदा भेटायचंय. आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू आपोआप तशा झाल्या आहेत, त्यांचे काय देतोस, एवढंच विचारेन.

हे मी दुकानात बोललो नाही. बायकोने जिना चढतानाच बजावलं होतं की आत गेल्यावर तोंडाचा पट्टा सोडायचा नाही. शिवाय आम्हाला हवी होती ती तसलीच गिटार. खरीखुरी जुनी बेस गिटार घ्यायची तर आधी राहतं घर विकावं लागलं असतं, आणि घर आमचं नाही, भाड्याचं आहे. हल्ली त्या जुन्या गिटारींच्या नकला निघतात. तशीच जाड मान, तसंच जडशीळ अंग, आवाजही बराचसा तसाच, गोल आणि खालून वर येणारा. किंमत मात्र आमच्यासारख्यांच्या खिशाला झेपेल अशी. बायकोला तो गोल आवाज परत हवा होता, कारण तिची स्वतःची गिटार मेली होती.

'मेली' हा तिचा शब्द. गेलं वर्षभर ती हेच म्हणत होती. आधी तिने तारा बदलल्या. मग आतल्या वायरी बदलून आणल्या. मग अँप बदलला. मला विचाराल तर गिटारला काहीही झालं नव्हतं, पण आमच्या बँडमध्ये माझ्या कानांना कोणी विचारत नाही. मी ड्रम वाजवतो. ड्रमवाला म्हणजे बहिरा, हा विनोद बँडमधल्या प्रत्येकाने मला किमान एकदा ऐकवला आहे, आणि बायकोने तर लग्नातच ऐकवला. कान होते ते तिचे. गायिकेचा सूर केसभर उतरला तरी हिच्या कपाळाला आठी पडायची, आणि ती आठी बघून आम्ही सगळे सावरायचो.

आम्ही दर शनिवारी एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवतो. मध्येमध्ये कंपन्यांच्या पार्ट्या मिळतात. कीबोर्डवाल्याला आम्ही मालक म्हणतो, कारण स्पीकर त्याचे, गाडी त्याची आणि कामंही तोच आणतो. मागच्या शनिवारी सामान आवरताना मालक आम्हा दोघांसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला. "पण तुम्ही हल्ली वाजवत नाही, आपटता. अँप एवढा वाढवता की पुढच्या टेबलावरचे चमचे नाचतात. हॉटेलवाल्यांनी दोनदा सांगितलंय. येत्या शनिवारपर्यंत काहीतरी करा. नाहीतर बेस मी कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवीन."

"गिटारचा दोष आहे," बायको म्हणाली. "बदलते."

तिने हे इतक्या हळू आवाजात म्हटलं की मालकाला वाकून ऐकावं लागलं. हल्ली ती हळूच बोलायची. घरात माझ्याशीही. मला वाटायचं, माझ्यावर रुसली आहे. तीन हाका मारल्याशिवाय ओ द्यायची नाही, आणि तालमीत एवढा गदारोळ चालू असताना मी ड्रममागे पुटपुटलेली शिवी मात्र हिला बरोबर ऐकू यायची. अशी सोयीची बायको देव कोणाला न देवो, असं मी मनात म्हणायचो. तर असे आम्ही, आठवडाभर एकमेकांवर धुमसत, शनिवारच्या आत गिटार घ्यायला त्या दुकानात पोचलो.

दुकान लांबुळकं होतं. एका भिंतीवर गिटारी टांगलेल्या, दुसऱ्या भिंतीशी अँपची उतरंड, खाली आवाज शोषणारा जाड गालिचा. दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता आणि तो मधूनमधून तोच चष्मा टेबलावर शोधत होता. माणूस बोलका होता. बेस गिटार म्हटल्याबरोबर त्याने तीन काढून मांडल्या. एक लाल, एक काळी, एक पिवळट. पिवळटचा रंग कोपरापाशी असा घासलेला होता, जणू तिच्यावर कोणी तीस वर्षं हात टेकून वाजवलं होतं. तीस दिवसही झाले नसतील.

"ताई, अगदी जुन्या मालासारखा माल आहे," तो म्हणाला. "डोळे मिटून घ्या."

बायकोने वायर लावली नाही. ती कधीच आधी लावत नाही. तिला शिकवणारे गुरुजी माणसाच्या उंचीचा उभा बेस वाजवायचे. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की अँप खुशामत करतो, तेव्हा आधी लाकडाला विचारायचं. म्हणून ती स्टुलावर बसते, गिटारचं वरचं शिंगासारखं टोक हनुवटीशी घेते, जबडा त्यावर घट्ट टेकवते आणि एक एक तार छेडते. आवाज हाडातून थेट आत जातो. बघणाऱ्याला वाटतं, बाई गिटार चावतेय.

लाल गिटार तिने अशीच ऐकली आणि मान हलवली. बरी आहे. काळी ऐकली, ती आणखी बरी. मग पिवळट घेतली, जबडा टेकवला, जाड तार छेडली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी आठवडाभराचा राग विसरलो.

"ही," ती म्हणाली. "अरे, हाच तो आवाज. ही जिवंत आहे."

दुकानदाराने लगबगीने वायर जोडली. ती सरळ बसली, हनुवटी काढली, आणि तीच तार छेडली. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाचं दार थरथरलं. माझ्या पोटात तो आवाज बसला. जरासा घोगरा, पण भरपूर.

"मेली," बायको म्हणाली.

"काय?"

"वायर लावल्यावर मेली. तारांखालचा पिकअप रद्दी असणार."

दुकानदाराने वायर बदलली. मग अँप बदलला. मग काळी गिटार जोडली. काळी अँपवर काय सुंदर वाजली! स्वच्छ, गोल, प्रत्येक सूर वेगळा कळत होता. मी नकळत मांडीवर ताल धरला. बायको म्हणाली, हीपण मेली. लाल लावली. तीही मेली. ती आणखी जोरात आपटायला लागली. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं, दुकानातल्या सगळ्याच गिटारींनी एकाच दिवशी जीव दिला का? काचा वाजतायत बघ! आणखी किती मोठा हवाय तुला?"

"मोठा नकोय. खालचा हवाय. खालचं काही येतच नाहीये."

"मघाशी आला ना!"

"मघाशी वायर नव्हती."

मला आजही सांगता येणार नाही की नेमकं काय सुचलं. चिडून तिला खोटं पाडायचं होतं, एवढंच खरं. मी पिवळट गिटार तिच्या हातात दिली, अँप चालूच ठेवला आणि म्हणालो, "आता वायर आहे. हनुवटी टेकव आणि वाजव."

तिने टेकवली. वाजवली. चेहरा पुन्हा उजळला. "आता आला," ती म्हणाली. "तू कुठलं बटण फिरवलंस?"

मी काहीच फिरवलं नव्हतं. माझे दोन्ही हात खिशात होते. "हनुवटी काढ," मी म्हणालो.

तिने काढली. उजव्या हाताची बोटं तार छेडत राहिली, काच थरथरत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू पडला. तिने पुन्हा जबडा टेकवला. पुन्हा काढला. पुन्हा टेकवला. मी तिला थांबवायला हवं होतं, पण थांबवलं नाही. शेवटी तिनेच तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला.

दुकानदार तेवढ्यात आत पाणी आणायला गेला. तो का गेला ते मला कळलं, आणि त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

"वर्षभर," बायको म्हणाली. "वर्षभर मी त्या गरीब गिटारला शिव्या घालतेय."

"मळ असेल," मी म्हणालो. "कानात मळ साठला की असं होतं. माझ्या काकांना..."

"आईला असंच झालं होतं. माझ्याएवढीच असताना." ती अजूनही हळूच बोलत होती. "आम्ही तिच्याशी ओरडून बोलायचो आणि ती उत्तर द्यायची कुजबुजल्यासारखं. स्वतःचा आवाज म्हणे तिला मोठा ऐकू यायचा. आम्हाला वाटायचं, नाटकं करते."

रुसवा, तीन हाका, कुजबुज, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हिलाच जर ऐकू येणार नाही, तर आमच्यात सुरात कोण आहे हे सांगणार कोण?

"डॉक्टर काहीतरी करतील," मी जरा मोठ्याने म्हणालो. "हल्ली ऑपरेशन असतं, मशीन असतं. सोमवारीच जाऊ."

"जाऊ." तिने गिटारच्या शिंगावरचा हनुवटीचा डाग बाहीने पुसला. "आईने नाही केलं काही. फोन घेणं सोडलं, मग लोकांत जाणं सोडलं. शेवटी तिला कोणी विचारेनासं झालं. मी तशी होणार नाहीये. सांगून ठेवते."

मग तिने तिन्ही गिटारी पुन्हा समोर ओढल्या आणि माझ्याकडे तोंड करून बसली. "खरं सांग. बाहेरून ऐकायला यातली कुठली चांगली?"

उभ्या आयुष्यात तिने मला असं काही विचारलं नव्हतं. कधीतरी विचारावं, असं मला किती वर्षं वाटत होतं.

"काळी," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. प्रत्येक सूर सुटा येतो. पिवळी अँपवर घोगरी होते. हॉलमध्ये तर चिखल होईल तिचा."

दुकानदार पाण्याचे पेले घेऊन आला होता. "साहेबांचा कान बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "बँडसाठी काळीच."

बायको पाणी प्यायली. पेला खाली ठेवला. "पिवळी द्या," ती म्हणाली.

"अगं, शनिवारी..."

"शनिवारी मालक वाजवेल डाव्या हाताने. नवी गिटार घेतली म्हणून माझं आपटणं थांबणार आहे का? तू सांग."

इथे खोटं बोलायची सोय होती. काळी घे, हळूहळू सवय होईल, मी तुला इशारे करीन, असं काहीही म्हणता आलं असतं. पण ती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि आता मला कळलं होतं की ती तिथे का बघते, आणि ड्रममागची शिवी हिला कशी कळायची.

"नाही," मी म्हणालो.

"मग काळी कोणासाठी घेऊ? मला जी ऐकू येते ती घेते. घरी वाजवीन." तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "तू मालकाला फोन कर. तो मला काढेल, त्याआधी माझं मी सांगितलेलं बरं."

मी जिन्यात जाऊन फोन लावला. मालकाने सगळं ऐकून घेतलं. कान हा शब्द ऐकून अरेरे म्हणाला, आणि मनापासून म्हणाला असेल. मग म्हणाला, "पण एका अर्थी बरं झालं बघ. त्यांनीच सांगितलं. मला फार जड जात होतं." आणि त्याच श्वासात, "तू येतोयस ना शनिवारी?"

मी येतो म्हणालो. घरभाडं द्यायचं होतं. फोन खिशात टाकल्यावर माझा तिथून पाय निघेना. दाराच्या काचेतून बायको दिसत होती. वायर काढलेली, जबडा गिटारला टेकवलेला, डोळे मिटलेले. ती काय वाजवत होती ते मला बाहेर ऐकू येणं शक्यच नव्हतं. बोटांवरून काही ओळखू येतंय का, ते मी बघितलं. आमच्या शनिवारच्या गाण्यांपैकी ते काही नव्हतं.

मी आत गेलो. दुकानदार कोपऱ्यात गिटारच्या मापाची पिशवी शोधत होता. माझ्या पावलांनी गालिचा हलला असेल, कारण तिने डोळे उघडले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काळजी घे."

"खरं सांग. बरं झालं म्हणाला ना?"

मी खाली बघत म्हणालो, "हो."

तिने हनुवटी उचलली, मान पुढे केली, कपाळाला आठी घातली.

"काय?"

मग मला ते पुन्हा म्हणावं लागलं, मान वर करून, तिच्याकडे बघत, दुकानदार पिशव्यांमधून वळून बघेल इतक्या मोठ्याने.

"हो! बरं झालं म्हणाला!"