झाकणाच्या आतली तारीख

कडी भोकातून गेली होती. नखाएवढी, बारीक तारेची कडी. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीच्या, दांडीच्या काठावर ती नुसती अडकवायची असते, पण इथे ती दांडीला असलेल्या दोन भोकांमधून व्यवस्थित ओवून बसवलेली होती, आणि हार्लन चष्मा कपाळावर सरकवून, मग पुन्हा डोळ्यांवर आणून तिच्याकडे पाहत राहिला. भोकं दिसली की तार त्यातून ओवावीशी वाटते, नवशिक्याला तर वाटतेच. मग कडीला लटकलेली सुई तिरकी होते, पेट्रोलचं तोंड पुरतं मिटत नाही, वाटी भरून वाहू लागते. गाडी उभी असतानासुद्धा पेट्रोल आत ठिबकत राहतं, प्लग भिजतात, आणि कशीबशी सुरू झालीच तर मागून काळा धूर सोडते. तीन आठवडे हेच चाललं होतं. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीवर टकटक करून पाहिलं होतं, फिल्टर बदलला होता, पेट्रोलला शिव्या घातल्या होत्या. आणि आज शेवटी झाकण उघडलं तर हे.

रोग सापडला की बरं वाटायला हवं. वाटलंही, क्षणभर. म्हणजे बरोबरच होतं माझं… किर्बीच.

किर्बी त्याचा जावई. मॅन्सफील्डला एका शाळेत गणित शिकवतो, हात स्वच्छ, बोलणं कमी. एप्रिलमध्ये हिवाळ्याची ताडपत्री काढल्यावर दोन दिवसांसाठी त्यानं ही गाडी नेली, कुणाच्या तरी लग्नात मिरवायला, आणि परत आणली तेव्हापासून ती ओकायला लागली. गुरुवारी फोनवर हार्लननं लिनेटला, आपल्या मुलीला, सरळ सांगितलं होतं की तुझ्या नवऱ्यानं कार्बोरेटर उघडला असणार, व्हिडिओ बघून सगळ्यांनाच मेकॅनिक व्हायचं असतं हल्ली. फोन स्पीकरवर आहे हे त्याला नंतर कळलं. पलीकडून किर्बीचा आवाज आला, ‘मी नाही उघडला, हार्लन.’ एवढंच. चिडणं नाही, वाद नाही. त्या न चिडण्याचाच हार्लनला जास्त राग आला होता. खरं बोलणारा माणूस थोडा तरी तापतो ना? लिनेटनं मात्र फोन ठेवला, आणि दोन दिवस केला नाही.

आता पुरावा हातात होता. त्यानं झाकण उलटं करून बाकावर ठेवलं, खिडकीच्या उजेडात.

झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्यानं कोरलेल्या तारखा होत्या. बंद करण्याआधी महिना आणि साल कोरायचं, ही त्याची गॅरेजमधल्या चाळीस वर्षांची सवय. गिऱ्हाइकाच्या गाडीवरही, स्वतःच्या गाडीवरही. पहिली तारीख गाडी घेतली तेव्हाची. तेव्हा लिनेट पोटात होती, बायको आर्डिथ गाडीत बसली की तिला पेट्रोलच्या वासानं मळमळायचं, म्हणून तर उघडला होता. दुसरी, बर्फाच्या वादळानं अकरा दिवस वीज गेली त्या वर्षीची, कंदिलावर काम केलं होतं. तिसरी लिनेट गाडी चालवायला शिकली तेव्हाची, तिनं चोक ओढून ओढून… चौथी. पाचवी निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यातली, काही बिघडलं नव्हतं, नुसते हात शिवशिवत होते. एकेक तारीख वाचली की तो दिवस उभा राहायचा, हवेसकट.

सहावी तारीख यंदाच्या मार्चची होती.

त्यानं अंगठ्यानं ती जागा पुसली. तीनचा आकडा वरून सपाट, जसा तो काढतो तसा. अक्षर कापरं नव्हतं, घाई नव्हती. खोल, सरळ, त्याचं. कुणीतरी नक्कल केली असेल… पण कोण कशाला करेल, आणि टोचा तर वरच्या खणात, जिथे तो आर्डिथलाही हात घालू देत नाही.

मार्च. मार्चमध्ये काय होतं? आर्डिथची दाढ काढली ती मार्चमध्ये. चर्चच्या छपराची गळती. वीस तारखेपर्यंत बर्फ होतं, फावडं मोडलं, नवं आणलं, निळ्या दांड्याचं. हे सगळं आठवतंय की! फावड्याच्या दांड्याचा रंग आठवतो मला, आणि मी हा कार्बोरेटर उघडला, सुई बदलली, कडी ओवली, टोचा घेऊन तारीख कोरली, झाकण लावलं, त्यातलं काहीच नाही. अंधूकसुद्धा नाही. विसरलेल्या गोष्टीची निदान जागा तरी रिकामी दिसते… इथे जागाच नव्हती. आधीचा दिवस नंतरच्या दिवसाला जोडून शिवलेला, मध्ये शिवणही नाही.

आणि चूक कुठली, तर ही. हीच चूक करू नका म्हणून त्यानं गॅरेजमध्ये किती जणांना झापलं असेल. ‘देवानं भोकं दिली म्हणून त्यात तार घालायची नसते,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य, त्यावर सगळे हसायचे.

बाकावर पॉलिश पेपर पडला होता. चार वेळा घासलं की मार्च जाईल. मग उरतील पाच तारखा, आणि किर्बी. त्यानं पेपर उचलला, घडी घातली, ती अंगठ्याखाली धरली. वाईट वाटत नव्हतं, हेच नवल होतं. भीती वाटत होती, पण तीही शांत, लांबून येणाऱ्या गाडीसारखी, जिला यायला अजून वेळ आहे.

बाहेर दार वाजलं. किर्बी. खिडक्यांना उन्हाळ्याच्या जाळ्या लावायला दरवर्षी याच शनिवारी तो येतो, थंडीच्या काचा उतरवून तळघरात ठेवतो. आजही आला होता, जसा काही गुरुवार झालाच नव्हता. आर्डिथनं त्याच्या हातात कॉफीचे दोन कप दिले होते. एक त्यानं बाकावर ठेवला आणि उलट्या झाकणाकडे पाहिलं. तारखेवर त्याची नजर थांबली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

हार्लननं पॉलिश पेपर खाली ठेवला.

‘तुला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘मी इथेच होतो ना त्या दिवशी. दिवा मी धरला होता.’

‘मग गुरुवारी बोलला का नाहीस?’

किर्बीनं कपातल्या कॉफीकडे पाहिलं. ‘लिनेट ऐकत होती. तिला हे असं फोनवर कळावं, ते बरं नाही वाटलं.’

‘आणि कडी? मी भोकातून ओवली तेव्हा तू बघत होतास?’

‘तुम्ही लावत होतात, हार्लन. मी कशाला तपासू?’

हार्लन स्टुलावर बसला. माफी मागायला हवी होती, ती त्यानं मागितली, दोन शब्दांत, आणि किर्बीनं मान हलवली. पुढचं, म्हणजे डॉक्टर, लिनेट, आर्डिथला काय आणि कधी सांगायचं, हे दोघांच्याही मनात आलं असणार. पण ते कुणी काढलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं. आर्डिथ बाहेर काचा पुसत होती, तिचा हात गोल गोल फिरताना दिसत होता.

‘सांग मला,’ हार्लन म्हणाला. ‘तो दिवस. सगळा.’

किर्बी जरा गोंधळला, मग उलटी बादली ओढून बसला आणि सांगू लागला. बर्फ पडत होतं, म्हणून तो आणि हार्लन कुठे बाहेर न पडता इथेच थांबले. हीटर नीट चालत नव्हता. हार्लननं त्याला प्रत्येक भाग हातात देऊन नाव सांगितलं, पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत. आर्डिथनं आतून ॲपल पाय आणून दिला, तो दोघांनी ताटलीतच चमच्यानं खाल्ला. मग म्हणे हार्लननं आपल्या बापाची गोष्ट सांगितली, नदीत ट्रॅक्टर घातला होता ती, आणि सांगता सांगता इतका हसला की डोळे पुसावे लागले.

हार्लन ऐकत होता. कुणा ओळखीच्या, बऱ्या माणसाबद्दल ऐकावं तसा. त्या माणसाचा दिवस चांगला गेला होता. तो आपल्याकडे नसला तरी कुणाकडे तरी होता, ॲपल पायच्या चवीसकट, आणि किर्बीला तो कोरावा लागला नव्हता. किर्बी थांबला. कॉफी निवली होती.

‘थांबलास का?’ हार्लननं विचारलं. ‘मग मी काय म्हणालो?’