काळूच्या आईने लिहिलेलं

“झाली का वर्गाची हजेरी? चहा गार होतोय,” स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली.

“एवढं एकच राहिलंय गं,” गुरुजी म्हणाले, आणि पडद्यावरच्या मजकुरातला ‘मासा’ उचलून त्यांनी वाक्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवला.

“कालही एकच राहिलं होतं. त्या माशांना तरी कळतं का हो, तुम्ही त्यांच्यासाठी किती स्वल्पविराम खर्च करताय ते?”

गुरुजी हसले. नोकरीभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाला घरातल्या टोमण्यांचं काही वाटत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी काचेच्या टाकीत गप्पी मासे पाळले, आणि माशांच्या नादाने ते इंटरनेटवरच्या ‘पाणी आणि मासे’ या मंचावर जाऊन पोचले. तिथे सगळे एकमेकांना टोपणनावांनी ओळखत. कोणी पंपवाला, कोणी गप्पीदास, कोणी काचवाले काका. एकाने तर सभासद होऊन पहिल्याच दिवशी मासा तळण्याआधी किती वेळ मुरवायचा, असं विचारलं होतं. त्याला गुरुजींनी प्रेमाने बाहेरचा रस्ता दाखवला. कारण दोन वर्षांत मंचाची राखण त्यांच्याकडे आली होती. कोणीही काही लिहिलं की ते आधी गुरुजींकडे येई, त्यांनी पास केलं की सगळ्यांना दिसे. आणि पास करण्यापूर्वी गुरुजी ते सुधारत.

ही सवय लागली एका रंगाऱ्यामुळे; त्याआधी गुरुजी येईल ते तसंच पास करत. भिंती रंगवणारा साधा माणूस, त्याने आपल्या माशांच्या शेपट्या का झडतात, असं विचारलं होतं. त्याच्या लिहिण्यातल्या चुकांवर दोघाचौघांनी तोंडसुख घेतलं. ‘आधी बाराखडी पाळा, मग मासे पाळा,’ असं एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी दात काढले. शेपट्यांचं कोणीच सांगितलं नाही. रंगारी पुन्हा मंचावर फिरकला नाही. गुरुजींच्या ते मनाला लागलं. वर्गात एखाद्या पोराला बाकीची हसली की ते हातातला खडू खाली ठेवत, आणि खडू उचलेपर्यंत वर्ग चिडीचूप राही. इथे खडू नव्हता. म्हणून त्यांनी वेगळा उपाय काढला: हसण्यासारखं काही शिल्लकच ठेवायचं नाही.

त्या दिवसापासून मंच कसा स्वच्छ झाला. लोकांना वाटे, इथली मंडळी किती नेटकं लिहितात. ज्यांचं सुधारलं जाई तेही खूश होते. हळूहळू गुरुजींना त्या कामात गोडी वाटू लागली. वेडंवाकडं वाक्य हाताखाली सरळ होत जाताना पाहणं, हा त्यांच्या सकाळचा सगळ्यात चांगला वेळ असे.

चहाचा कप हातात आला आणि तेवढ्यात आणखी एक मजकूर येऊन थांबला. लिहिणाऱ्या बाईंचं टोपणनाव ‘काळूची आई’. गुरुजींनी चष्मा नाकावर नीट बसवला.

‘आहो कोनी आहे का लवकर सांगा ना काळू वरती येउन तोंड उघड झाप करतोय लाईट नाही सकाळ पासुन पंप बंद आहे मि काय करु हे बघतायत त्याच्याकडे मला काही सुचत नाही सांगा ना कोनितरी’

“अरे देवा,” गुरुजी पुटपुटले. एकही पूर्णविराम नाही.

त्यांनी बाईंच्या नावाखालची माहिती पाहिली. मासा ऑस्कर जातीचा होता, तळहाताहून मोठा. एवढ्या माशाचं आपल्याला काय कळणार, आपण गप्पीवाले. जाणकार मंडळी सांगतील. आपलं काम जाणकारांपुढे प्रश्न नीट मांडून द्यायचं. त्यांनी बाही सारली. ‘हे बघतायत त्याच्याकडे’ यापाशी ते जरा थांबले. नवरा माशाकडे बघत असेल, पण त्याचा प्रश्नाशी काय संबंध? ते त्यांनी गाळलं. शेवटी मजकूर तयार झाला:

‘माझ्या टाकीतील ऑस्कर जातीचा मासा सकाळपासून वारंवार पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत आहे. वीजपुरवठा खंडित असल्याने हवेचा पंप बंद आहे. अशा परिस्थितीत कोणता उपाय करावा, याविषयी कृपया मार्गदर्शन व्हावे.’

गुरुजींनी तो दोनदा वाचला. बायकोलाही वाचून दाखवला.

“छान आहे,” ती म्हणाली. “सरकारी पत्रासारखं.”

दुपारपर्यंत उत्तरं आली. काचवाले काकांनी पाण्यात हवा कशी विरघळते ते समजावून सांगितलं. गप्पीदासाने मोठ्या माशाला टाकी केवढी हवी, यावर मत दिलं, आणि मग त्या दोघांचा टाकीच्या लांबीरुंदीवरून छान वाद रंगला. ‘चांगला प्रश्न विचारलात,’ असंही एकाने लिहिलं. काळूची आई काही बोलली नाही. गुरुजी समाधानाने जरा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पंपवाला उभा. इमारतींच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस गुरुजींच्या गावातलाच. एकदोनदा त्यांच्या घरची मोटारही त्याने बघितली होती. एरवी दारातूनच आरोळी ठोकत यायचा. आज चपला काढून गुपचूप आत आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

“गुरुजी, काळू गेला.”

“कोण काळू?” विचारता विचारताच गुरुजींच्या लक्षात आलं. “अरेरे. त्या बाईंचा ऑस्कर?”

“माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात त्या. काल संध्याकाळी मी त्यांना खासगी निरोप टाकून सहज विचारलं, बॅटरीवरचा पंप पडून आहे माझ्याकडे, हवाय का, तेव्हा त्यांनी पत्ता दिला. गेलो तर मासा बादलीत. दुपारीच गेलेला.”

“तू दुपारी वाचलं नव्हतंस का?”

“वाचलं होतं ना! इथंच तर गोची आहे.” पंपवाल्याचा आवाज चढला. “जेवताना वाचलं. म्हटलं, कॉलेजातलं कोणीतरी दिसतंय, प्रोजेक्ट करतंय. संध्याकाळी निवांत उत्तर देऊ. आणि तिथं त्या बाईंनी मला फोन दाखवला. तुमच्याकडे आलेलं मूळचं लिहिणं त्यांनी बहिणीलाही पाठवलं होतं, पण बहीण कामावर. गुरुजी, ते दुपारी वाचलं असतं ना, तर ताटावरून उठून गेलो असतो मी.”

“मी कुठलीही माहिती गाळली नाही रे,” गुरुजी म्हणाले. “वीज, पंप, मासा, सगळं होतं त्यात.”

“सगळं होतं. घाई नव्हती.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

“एक विचारू? राग मानू नका,” पंपवाला खाली बघत म्हणाला. “शाळेत पोरांच्या वह्या तुम्ही अशाच स्वतः लिहून द्यायचात काय?”

गुरुजींनी तसं कधी केलं नव्हतं. चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा आणि पोराला म्हणायचं, बघ बरं, सापडतंय का काही. पोर जीभ बाहेर काढून शोधत बसे. सापडलं की त्याचा चेहरा असा उजळे की बघत राहावं. आणि खेळताना पडलेलं एखादं पोर हुंदके देत वर्गात यायचं, तेव्हा त्याच्या तोंडून निघणाऱ्या वाक्याला ना कर्ता असे ना क्रियापद. त्या वाक्याकडे गुरुजींनी कधीही लक्ष दिलं नव्हतं. ते आधी गुडघा बघत.

मंचावर काल शंभरेक माणसं होती. त्यांतल्या एकानेच बाईंचा मजकूर, त्यांनी लिहिला तसा, वाचला होता. आणि त्या एकाला त्यात फक्त न दिलेले पूर्णविराम दिसले होते.

“मला घेऊन चल त्यांच्याकडे,” ते म्हणाले.

बाईंनी दार उघडलं ते हातातली मापाची टेप गळ्यात अडकवत. घरात शिलाईचं काम करत असाव्यात. खुर्चीवर अर्धवट शिवलेले पडदे पडले होते. खोलीत एक पलंग होता, आणि तो भिंतीला समांतर न ठेवता मुद्दाम तिरका लावलेला होता, टाकीच्या तोंडासमोर. पलंगावर त्यांचे यजमान पडून होते. अंगाची एक बाजू गेलेली, वाचाही गेलेली. टाकीतला दिवा चालू होता, पंप बुडबुडे सोडत होता. आत नुसतं पाणी होतं.

“बंद केला की बेचैन होतात हे,” बाई म्हणाल्या. “ट्रक चालवायचे आधी. सगळ्या देशाचे रस्ते पालथे घातलेले. आता दिवसभर काळू आणि हे. हे मान इकडं करायचे, की तो तिकडून यायचा काचेला नाक लावायला. बसा ना गुरुजी, उभे काय?”

गुरुजी बसले. वाटेत जुळवलेली वाक्यं आता एकही जागेवर सापडेना.

“बाई, तुम्ही लिहिलेलं मी बदललं. म्हणून लोकांना कळलं नाही. चूक माझी आहे.”

“छे हो!” बाईंना नवल वाटलं. “किती छान लिहिलंत तुम्ही. मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, ऐका, तुमची बायको कशी शिकल्या-सवरल्यासारखी बोलतेय. मला तर बाई बरं वाटलं. नाहीतर माझं ते वेडंवाकडं…”

पंपवाल्याने तोंड फिरवलं. गुरुजींना वाटलं, बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला तुमचं मूळ लिहिलेलं परत तिथे लावायचंय,” ते म्हणाले. “जसंच्या तसं. तुमची परवानगी असेल तर.”

“आता कशाला? मासा गेला. आणि लोक हसतील मला. शिलाईच्या गिऱ्हाइकांनासुद्धा मी काही लिहून देत नाही, फोनच करते. आठवीतच शाळा सुटली माझी.”

“कोणी हसलं तर मी आहे.”

“तुम्ही किती जणांची तोंडं धरणार?” बाई हसून म्हणाल्या, पण हसू पुरतं उमटलं नाही. मग त्या पलंगाजवळ गेल्या आणि वाकल्या. “अहो, ऐकलंत का? हे गुरुजी म्हणतात, माझं कालचं तसंच टाकायचं सगळ्यांपुढं. तुम्ही बघत होतात, ते पण आहे त्यात. टाकू देत?”

यजमानांनी टाकीवरची नजर सावकाश काढून बायकोकडे आणली. चालणाऱ्या हाताची बोटं चादरीवरून सरकत सरकत तिच्या मनगटापर्यंत आली आणि तिथे थांबली.

पंपाचा आवाज तेवढा चालू होता.

“टाका,” बाई म्हणाल्या. “पण सगळं टाका मग. एक शब्द पण सोडू नका.”

घरी आल्यावर गुरुजींनी यंत्रात दडलेला जुना मजकूर शोधून काढला आणि आपला काढून त्याच्या जागी लावला. आता खालची उत्तरं भलतीच दिसू लागली. वर एक बाई ओरडते आहे आणि खाली दोघे टाकीची लांबीरुंदी मोजत बसले आहेत. हे काही त्या दोघांच्या माथी मारण्यासारखं नव्हतं. म्हणून गुरुजींनी खाली लिहिलं, ‘वरचा मजकूर बाईंचा आहे. काल तुम्ही वाचलात तो माझा होता. तुम्ही त्याला योग्य तेच उत्तर दिलंत. मासा वाचला नाही.’

मंचावर खळबळ उडाली. गप्पीदास म्हणाला, माझं यापुढे काही सुधारू नका. दुसऱ्या एकाने लिहिलं, ‘गुरुजी, माझं मात्र सुधारत जा. माझी सून वाचते.’ काचवाले काकांचं म्हणणं पडलं की अशुद्ध लिहिलेलं वाचताना त्यांचं डोकं दुखतं आणि दुखऱ्या डोक्याने कोणाला मदत होत नाही. गुरुजींना यातलं एकही म्हणणं सर्वस्वी खोटं वाटेना. हसलं मात्र कोणी नाही.

“काय ठरवलंत मग?” बायकोने विचारलं. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

“आधी काय झालंय ते बघायचं. मग वेळ उरला तर बाकीचं.”

तेवढ्यात एक नवा मजकूर येऊन थांबला. माणूस नवा होता, टोपणनावही धड घेतलेलं नव्हतं. काळूच्या आईच्या मजकुरावरची तारीख त्याने पाहिलेली दिसत नव्हती, खालचं काही वाचलेलं दिसत नव्हतं.

‘ताई घाबरु नका मगाने टाकितलंच पानी उचलुन वरुन धार धरा थांबु नका हात दुखला तर शेजार्‍याला बोलवा कोनत्या भागात राहता पत्ता टाका मि गाडी काढतोय’

गुरुजींचा हात सवयीने पुढे गेला. ‘पानी’पाशी बाण येऊन थांबला. मग त्यांनी काही न बदलता तो मजकूर पास केला.

मासा आदल्या दिवशीच गेल्याचं त्या माणसाला कळवायला हवं होतं. गुरुजी तसं लिहू लागले, पण त्यांच्या आधीच काळूच्या आईचं उत्तर येऊन थांबलं. त्यांनी ते उघडलं.

‘दादा मासा काल गेला पन तुम्ही या पत्ता खाली देते चहा घेउन जा ह्यांना बरं वाटेल कोनितरी आलं म्हनुन’

खाली घराचा पत्ता होता. गुरुजींनी तो आकड्यासह नीट वाचून पाहिला, येणारा माणूस चुकू नये म्हणून, आणि मजकूर तसाच पुढे पाठवला.