खारे पाणी, चवळी आणि मी

मित्रांनो, पाणी गोडे की खारे हे माणसांना जिभेवर कळते, मला अंगावर. मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. गोडे पाणी वाळले की माझ्यावर काही उरत नाही. खारे वाळले की काठाखाली पांढरी कड उरते आणि त्या कडेखाली हळूहळू गंज धरतो. हल्ली ही कड रोजच असते, म्हणून मी सदा काळजीत असते.

माझा जन्म पत्राकामाच्या एका अरुंद दुकानात झाला. कारागिराने पत्रा गोल वळवला, शिवण ठोकून बसवली, तळ दुमडून घट्ट केला आणि काठोकाठ पाणी भरून मला फळीवर ठेवले. थेंबही गळला नाही. "ही बादली नातवंडं बघेल," तो शेजारच्या दुकानदाराला म्हणाला. प्रत्येक बादलीविषयी तो हेच म्हणतो हे मला नंतर कळले, पण त्या दिवशी मी फुगून गेले होते.

मला घेतले ते वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या एका घराने. घरात दोन जावा. थोरलीचे यजमान गोड्या पाण्याचा टँकर चालवायचे. धाकटीचा नवरा दूरच्या खाणीत कामाला होता. घरामागे रेताड जमिनीचा एक तुकडा होता. तो धाकटीने आपल्या हिमतीवर पिकता केला होता. तिथे ती चवळी पेरायची, आणि विहिरीचे गोडे पाणी माझ्यातून ओळींना जायचे.

चवळीच्या मुळांवर बारीक गाठी धरतात. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते इतके लहान असतात की कुणाच्याच नजरेस पडत नाहीत. हवेतले नत्र पकडून ते झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. धाकटी अधूनमधून एखादे झाड अलगद उपटायची, माझ्यात मुळे बुडवून माती सोडवायची आणि एक गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी रंग असला म्हणजे जिवाणू कामावर आहेत.

"जाऊबाई, बघा, सगळे हजर!"

"मग त्यांनाच सांग भांडी घासायला. तू तर दिवसभर मुळंच धुतेस," थोरली म्हणायची.

माझे ते दिवस चांगले होते. चवळी दाट व्हायची, येणारेजाणारे थांबून बघायचे आणि संध्याकाळी मला पुसून पालथे घातले जायचे.

पुढे विहीर आटली. घरच्यांनी बोअर मारले. पाणी भरपूर लागले, सगळ्यांना हायसे वाटले. मला मात्र पहिल्याच दुपारी काठाखाली ती पांढरी कड दिसली. पण बादलीला सांगता कुठे येते?

त्या वर्षी चवळी उगवली, पण पाने पिवळी पडू लागली. "तहानलीय बिचारी," थोरली म्हणाली आणि पाणी वाढवले. जितके पाणी वाढले तितके मीठ वाढले. ओळींच्या कडेला मातीवर पांढरी साय धरली. पाने आणखी पिवळी पडली, तशी थोरलीने आणखी पाणी दिले. मनाने वाईट नव्हती ती. पिवळ्या पानाला पाणी द्यायचे, एवढेच तिला ठाऊक होते. मी मात्र प्रत्येक खेपेला ओळीत रिकामी होताना कुढत होते. दुसरी पेरणीही तशीच गेली. त्याच सुमारास माझा तळ गंजून फुटला आणि वेल्डरने त्यावर ठिगळ मारले.

अखेर धाकटीने एक झाड उपटून माझ्यात धुतले. मुळांवर गाठी जेमतेम होत्या. तिने एक फोडली. आत पांढुरके, हिरवट काहीतरी होते. गुलाबीचा मागमूस नव्हता. तिने दुसरी फोडली, तीही तशीच.

मग थोरलीने मनातले बोलून टाकले. "हे बघ, आणखी एकदा पेर. मी आड येत नाही. पण ह्या खेपेला चवळी उभी राहिली नाही, तर तुकडा सपाट करायचा. ह्यांचा टँकर रस्त्यात उभा असतो, तो तिथे लागेल."

"टँकरला काय, कुठेही उभं राहता येतं. चवळीला येतं का?"

"चवळीला तरी कुठे येतंय उभं राहता?"

दुसऱ्या दिवशी धाकटी मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून माती तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. पुढच्या पेरणीच्या तोंडावर ती पुन्हा तिकडे गेली आणि एक काचेची बाटली उराशी धरून परतली. बांधावर जुन्या चवळीचे एकच झाड तग धरून होते. त्याचीही मुळे तिने नेली होती. त्यांच्या गाठींतले जिवाणू बाईंनी वाढवून बाटलीत दिले होते.

"बाई म्हणाल्या, खाऱ्या पाण्यात जिवाणू कमी होतात, पण सगळेच मरत नाहीत," तिने थोरलीला सांगितले. "मुळंच त्यांना आत घेईनाशी होतात. दारात उभे, पण दारच उघडत नाही. म्हणून गाठी धरेपर्यंत गोडं पाणी द्यायचं, नंतर मापात खारं. आणि बाटली एकच आहे. दुसरी ह्या हंगामात मिळणार नाही."

पेरणीच्या सकाळी चवळीचे बी गोणपाटावर पसरले होते. माझ्यात थोडे गोडे पाणी घेऊन त्यात जिवाणू मिसळायचे आणि ते बियांना चोळायचे, असे ठरले होते. धाकटी बाटली आणायला आत गेली. तेवढ्यात मदत करावी म्हणून थोरली पुढे झाली. तिने मला उचलले आणि थेट बोअरच्या नळाखाली धरले.

मित्रांनो, तेव्हाची माझी अवस्था काय सांगू! ओरडायला तोंड नाही, कलंडायला हात नाहीत. ठिगळ सुटावे आणि सगळे पाणी वाळूत जावे, असे मला जन्मात पहिल्यांदाच वाटले. पण वेल्डरने काम चोख केले होते.

धाकटी बाहेर आली. एरवी ती पाण्यात बोट बुडवून चाखायची. आज दोन्ही हात बाटलीत गुंतलेले होते.

"पाणी घेतलंय मी. ओत," थोरली म्हणाली.

बूच निघाले. बाटली माझ्यावर तिरकी झाली. इतक्यात थोरलीचे यजमान खेप संपवून धुळीने माखलेले आले. कुणाला काही न विचारता त्यांनी ओंजळ माझ्यात बुडवली, चूळ भरली आणि पचकन थुंकले.

"छी! हे तर बोअरचं!"

"अहो, बियाण्याच्या पाण्यात चुळा कसल्या भरता?" थोरली कडाडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बोअरचं म्हणजे... तेच घेतलं ना मी. मला वाटलं, नुसतं कालवायला तर हवंय."

धाकटीने बाटली सरळ केली होती. तिने बूच पुन्हा घट्ट बसवले. "जाऊबाई, एकच आहे हो ही," एवढेच ती म्हणाली. थोरली पदराने कपाळ पुसत राहिली.

"टँकरमध्ये गोडं आहे का, भाऊजी?"

"रिकामा केलाय. पण तळाशी थोडं राहतंच. थांबा."

त्यांनी टँकरची पुढची चाके उंचवट्यावर चढवली. तळाचे पाणी मागच्या तोटीकडे सरकले. थोरलीने मला आधी दोनदा त्याच पाण्याने विसळले आणि मग भरून घेतले. बाटली माझ्यात रिकामी झाली, बी काळजीपूर्वक चोळले गेले आणि सावलीत सुकवून लगेच पेरले गेले.

त्यानंतर रोज शेवटच्या खेपेनंतर टँकर उंचवट्यावर चढायचा. तळचे पाणी मी ओळींपर्यंत न्यायची. ठिगळाची एक कड आता पाझरू लागली होती, आणि आपण वाटेतच रिकाम्या होऊ की काय, ह्या धास्तीने माझा जीव अर्धा व्हायचा. थोरली मात्र धाकटीच्या हातून मला ओढून घ्यायची. "तू हळू चालतेस," म्हणायची आणि लगबगीने निघायची.

पाने पोपटी झाली, पण पानांवर आता कुणाचाच विश्वास नव्हता. आज सकाळी एक झाड उपटले गेले. मुळे माझ्यात उतरली, माती सुटून तळाशी बसली. गाठी होत्या, चांगल्या टपोऱ्या. धाकटीला नख लावायचा धीर होईना.

"आण इकडे," थोरली म्हणाली आणि तिने गाठ फोडली.

आत गुलाबी होते.

थोरलीने धाकटीकडे पाहिले नाही. रंग लागलेले बोट तसेच उंच धरून, हात न धुता ती रस्त्याकडे निघाली. "अहो, ऐकलंत का? तो टँकर आहे तिथेच उभा करत जा!"

मित्रांनो, उद्यापासून ओळींना मापात खारे पाणी सुरू होणार. गाठी गुलाबी राहतील की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून एकच विनवणी आहे. झाड पिवळे दिसले की लगेच पाणी ओतू नका. आधी एखादे मूळ धुऊन बघा. आणि काम झाले की माझ्यासारख्या बादलीत खारे पाणी रात्रभर ठेवू नका. ते ओतून टाका, मला पुसा, पालथी घाला. मला याहून जास्त गळायचे नाही.