एकेचाळीस तुकड्यांचा उशीर

सोर्स: एचडीएमआय १

पाच-शून्य.

मी पाच पेनल्ट्या मारल्या, माझ्या नवऱ्याने पाचही सोडल्या. मी शाळेत लंगडीसुद्धा धड खेळले नाही. तो बारा वर्षं शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर.

"अजून एक डाव, वर्षा."

पाच-शून्य.

"अजून एक."

चार-शून्य. पाचवी मी मुद्दाम बाहेर मारली होती आणि ते त्याला कळलं. विश्वजितने कंट्रोलर सोफ्यावर ठेवला. आदळला असता तर बरं वाटलं असतं.

सिग्नल नाही

मार्चमध्ये त्याचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर, मग रबरी चेंडू दाबायचा व्यायाम, मग डॉक्टरांचं "आता खेळा". पण खेळायचं कुठे? परतीच्या पावसाने गांधी मैदानाचं तळं करून टाकलं होतं. आणि संघाच्या नोंदणीसाठी आण्णांकडे नाव द्यायची मुदत होती शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. आण्णा म्हणजे आमचे प्रशिक्षक. त्यांच्याकडे मुदत म्हणजे मुदत.

म्हणून विश्वजितने घरातच परीक्षा मांडली. मामेभावाकडून गेमचा कन्सोल आणला, नव्या टीव्हीला जोडला आणि मला समोर बसवलं.

"अंगठ्यानं बटण दाबायचं आणि मैदानात उडी मारायची, ह्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"बॉल बघायचा आणि हलायचं. दोन्हीकडं त्येच की."

शुक्रवारी सकाळी चहाच्या कपाकडे बघत तो म्हणाला, "ह्या वर्षी नाव देत न्हाय मी."

"का?"

"हात उशिरा उठतोय. दिसतंय, कळतंय, पन हात मागनं येतोय." तो शिरोलीत एका कारखान्यात धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर काम करतो. तिथली भाषा त्याला सोपी जाते. "टूल झिजलं की बदलायचं असतंय. त्येला रडत बसायचं नसतंय."

रडत नव्हता तो. दोन दिवस जेवला मात्र एकेकच भाकरी.

ऑडिओ आउट

तालमीचा हॉल रंगवायला काढला होता, म्हणून तिथली गणपती मंडळाची साउंड सिस्टिम आमच्या बाहेरच्या खोलीत आली होती. माझ्या खांद्याला लागतील एवढे दोन बॉक्स, एक अॅम्प्लिफायर आणि त्यांच्या मधे एक चपटी काळी पेटी, हिरवे दिवे लुकलुकणारी. मिरवणुकीत आवाजाचं खातं विश्वजितकडेच असतं. त्याने टीव्हीची वायर सरळ त्या पेटीत खोचली.

"टीव्हीच्या स्पीकरवर खेळायला आपण काय आजारी हाय काय?"

पहिल्याच दिवशी आण्णा बघायला आले. मी किक मारली. बॉल जाळीत गेला. मग आवाज आला: धप्प.

आण्णांनी डोळे मिटले. "आयला, स्टेडियमच की रं हे! आवाज मागनं येतोय बघ."

खरंच आहे. समोरच्या गॅलरीतून मॅच बघताना पाय आधी दिसतो, आवाज नंतर पोचतो. कोल्हापुरात हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तीन दिवसांत सात माणसं येऊन त्या आवाजाचं कौतुक करून गेली. बारा फुटांच्या खोलीत आवाजाला पोचायला उशीर का व्हावा, हे सातातल्या एकानेही विचारलं नाही. आठवी मी. शनिवारी दुपारी भांडी पुसताना माझ्या डोक्यात ते आलं आणि मी ओल्या हातानेच ऐश्वर्याला फोन लावला.

पोहे, कांदा न घातलेले

ऐश्वर्या राजारामपुरीत टीव्ही आणि होम थिएटर बसवून देते. चार वाजता स्कूटरवरून आली, पाठीवर वायरींची पिशवी.

"वहिनी, साडेपाचला मला निघायचंय हां. दिवस बुडायच्या आत जेवण असतंय माझं."

"म्हणून तर पोहे केलेत. कांदा न्हाय घातलेला."

"बटाटा?"

"तोबी न्हाय. शेंगदाणेच हायत."

तिने पोहे खात खात दोन पेनल्ट्या बघितल्या. विश्वजित तिच्याकडे न बघता खेळत होता. परक्या माणसासमोर हरायला त्याला आवडत नाही.

"दादा, उडी कशावर मारताय? बॉल बघून, का आवाज ऐकून?"

"दोन्ही. पायाचा ठोका ऐकला की अंग आपोआप सुटतंय. बारा वर्षांची सवय हाय."

"मग तुमचं कायबी चुकत न्हाय. थांबा." तिने चमचा ठेवला आणि मोबाइल काढला. "ह्याचा स्लो-मोशन व्हिडिओ सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे करतोय. तुमचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही एकाच चित्रात धरते. दाबा बटण."

विश्वजितने दाबलं.

तुकडा ०

अंगठा बटणावर टेकला.

तुकडा ७

बटण पूर्ण दबलं. पडद्यावरचा गोलकीपर कमरेवर हात ठेवल्यासारखा उभा.

तुकडा २०

उभाच.

तुकडा ३३

"अजून उभाच हाय की हा भाड्या!" विश्वजित म्हणाला. आम्ही तिघं मोबाइलवर डोकी टेकवून बसलो होतो. ऐश्वर्या बोटाने एकेक तुकडा पुढे सरकवत होती.

तुकडा ४१

हातमोजा हलला.

परत तुकडा ०

"एकेचाळीस," ती म्हणाली. "सेकंदाचा सहावा भाग. हा उशीर तुमचा न्हाय, टीव्हीचा. कुठला मोड लावलाय?"

"सिनेमा," मी म्हटलं. "दुकानात त्यातच सगळ्यात भारी दिसत होतं."

"भारी दिसायलाच वेळ लागतोय त्येला. प्रत्येक चित्र धुऊन, इस्त्री करून मग दाखवतोय. सिनेमाला चालतंय. गेमला न्हाय." तिने रिमोटवर चार-पाच बटणं दाबली. यादीत तळाशी 'गेम' असं होतं. आम्ही तीन महिन्यांत तिथपर्यंत गेलोच नव्हतो.

मग ती काळ्या पेटीकडे वळली. एक बटण फिरवत राहिली आणि एकदम हसायलाच लागली.

"दादा, ह्या बॉक्सचा टाइम पस्तीस मीटरवर ठेवलाय. कुणी ठेवला?"

विश्वजितचा चेहरा बघण्यासारखा झाला. मिरवणुकीत बॉक्सची एक जोडी पुढच्या ट्रॉलीवर असते, दुसरी पस्तीस मीटर मागच्या. दोन्हीकडून ताल एकदम ऐकू यावा म्हणून मागच्या जोडीचा आवाज जाणूनबुजून थोपवतात, आवाजाला तेवढे मीटर चालायला लागेल तेवढा वेळ. आमच्या घरी आली होती ती मागचीच जोडी.

"मीच," तो म्हणाला. "गणपतीत मीच ठेवलंतं. मीटर मोजून. टेप लावून."

"एकदम बरोबर मोजलंय," ऐश्वर्या म्हणाली. "फक्त तुमची मिरवणूक अजून संपली न्हाय."

तिने आकडा शून्य केला आणि परत मोबाइल धरला. ह्या वेळी सतरा तुकडे. "हे सतरा कायमचे. एवढे यंत्राला द्यायलाच लागतात."

"आन् मला?"

"तुम्हाला काय, दादा?"

"माझे किती तुकडे?"

"ते माझ्या मोबाइलला कळत न्हाय. खेळून बघा." तिने उरलेले पोहे दोन घासांत संपवले, वायरी पिशवीत कोंबल्या आणि सूर्याशी शर्यत असल्यासारखी जिना उतरली.

सोर्स: एचडीएमआय १, मोड: गेम

मी पहिली मारली. गोल. पण आता ठोका पायाबरोबर आला आणि त्याचं बोट त्याच क्षणी हललं. पडद्यावरचा हातमोजा चेंडूला चाटून गेला.

दुसरी त्याने अडवली.

तिसरी अडवली. मी ओरडले. माझी अडवली गेली होती तरी मीच ओरडले.

चौथी गोल. पाचवीला मी डावीकडे बघितलं आणि उजवीकडे मारली. खोलीत बसून डावीकडे बघण्याने गेममध्ये काही होत नाही. पण तो माझ्याच तोंडाकडे बघत होता, म्हणून फसला. मोकळ्या कोपऱ्यात चेंडू गेला.

तीन-दोन. हरलाच तो.

"हा माझा," विश्वजित म्हणाला. "टीव्हीचा न्हाय, पेटीचा न्हाय. हा गोल माझ्यावर बसला. बायकूच्या तोंडाकडं बघत बसलो म्हणून." आणि तो इतका हसला की खालच्या मजल्यावरच्या चिमणाबाईंनी काय झालं म्हणून हाक मारली.

पाच पस्तीस झाले होते. त्याने आण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आण्णा, नाव लिहा माझं."

"काल तर न्हाय म्हणत हुतास."

"काल मिरवणुकीत हुतो."

"काय?"

"येऊन सांगतो."

"सांगू नगंस. सही कर. पंचवीस मिनिटं ऱ्हायलीत. आन् पायतान घालून ये, मागल्या वेळंसारखा टॉवेलवर येऊ नगंस."

कंट्रोलर जोडलेला नाही

सात वाजता तो परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीला चिखल, कानात चिखल. मी दारातच अडवला.

"सही केलीस?"

"केली. पाच पन्नासला. मग आण्णा म्हणाले, आता उडी मारून दाखव."

"कुठं?"

"गांधी मैदानात. एका गोलपोस्टाजवळ पाणी घोट्याएवढंच हाय. आण्णांनी सहा मारल्या."

"किती अडवल्यास?"

त्याने उजवा हात वर केला. मनगट गोल फिरवून दाखवलं, मग चार बोटं.

"त्यातली एक धरू नगंस," तो म्हणाला. "पाण्यात बॉल थांबलाच. कुणीबी धरला असता."

मी त्याला चौकटीत उभा ठेवून बादली आणायला गेले. परत आले तर तो चिमणाबाईंना जिन्यातच उडी कशी मारली ते करून दाखवत होता, आणि पायऱ्या आता मलाच धुवायच्या होत्या.