ठिपकेबुवांची हिरवाई

पडद्यावर लाल ठिपके उमटले तेव्हा सभागृहातली माणसं हळहळली, आणि तेच ठिपके हिरवे झाले तेव्हा खुर्च्या सोडून उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी डोळे पुसत होतं, पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तर पडद्यालाच हात जोडले. पडद्याशेजारचा पांढरा कोटवाला नम्रपणे हसला. भक्तमंडळी त्याला 'सर' म्हणत. मागच्या रांगेत बसलेली धाकटी मात्र त्याला मनातल्या मनात ठिपकेबुवा म्हणायची. आज पडद्यावर होते ते तिच्या ताईचे ठिपके, असा बुवांचा दावा होता.

ताईच्या छातीत गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेआधी ती आकसावी म्हणून रुग्णालयात औषधाचं सलाईन सुरू झालं. केस गेले, तोंडाची चव गेली, आणि दुसऱ्या सलाईननंतर तिथले उपचार सोडून, कुणाच्या तरी सांगण्यावरून भाऊजी तिला इथं घेऊन आले. इथं ना सुई, ना उलटी. बोटातून रक्ताचा थेंब द्यायचा, बुवा त्यातून जनुकांचं चित्र काढणार, आणि मग काही महिने रोज एका गुणगुणणाऱ्या पेटीवर तळवे टेकून बसायचं. पेटीतल्या लहरी म्हणे जनुकांची समजूत काढतात. रोगी जनुक लाल, सुधारलेलं जनुक हिरवं. धाकटीनं समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, रडूनही पाहिलं. भाऊजींचं एकच उत्तर असायचं, "अगं, असलीच चित्रं तुझ्या प्रयोगशाळेत असतात ना? मग तुला तरी पटायला हवं."

तिला झोंबायचं ते हेच. कुणी फुंकर मारून कॅन्सर पळवतो म्हणाला असता, तर भाऊजींनीच त्याला दाराबाहेर काढलं असतं. या माणसानं तिच्याच कामाचं सोंग घेतलं होतं.

धाकटी कॅन्सरच्या गाठींवर काम करायची. काचेच्या पट्टीवर हजारो ठिपके, प्रत्येक ठिपक्यात एकेका जनुकाचा तुकडा. गाठीतून काढलेल्या नमुन्याला लाल रंग लावायचा, निरोगी पेशींच्या नमुन्याला हिरवा, आणि दोन्ही एकत्र त्या पट्टीवर सोडायचे. जे जनुक गाठीत जास्त राबतं त्याचा ठिपका लाल, कमी राबतं त्याचा हिरवा, दोन्हीकडे सारखं राबत असेल तर पिवळा. याला डीएनए मायक्रोअ‍ॅरे म्हणतात. कुठली गाठ किती द्वाड आहे आणि तिच्यावर कुठलं औषध चालेल, याचा माग त्यावरून काढण्यात माणसांची उमेदीची वर्षं जातात.

अशी पट्टी समोर आली की धाकटी आधी कोपरा बघायची. पट्टी उलटी धरली गेली नाही ना, हे कळावं म्हणून तिथं खुणेच्या ठिपक्यांची एक रांग असते. आजही सवयीनं तिची नजर तिथंच गेली. उपचाराआधीच्या चित्रात ती रांग लाल होती, हवी तशीच. नंतरच्या चित्रात ती हिरवी होती. धाकटीचा संताप अनावर झाला.

ती उभी राहिली. "सर, कोपऱ्यातली ही रांगसुद्धा माझ्या बहिणीचीच जनुकं का?"

बुवांची कळी खुलली. "छान विचारलंत, मॅडम. ती सगळ्यात हट्टी जनुकं. आजाराचं मूळ तिथंच. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात ना? आमच्याकडे ते जातंसुद्धा हत्तीच्याच पायानं."

हशा ओसरेपर्यंत ती थांबली. "ते ठिपके कुठल्याच माणसाचे नसतात. एका जंतूच्या जनुकाचे तुकडे असतात ते, आणि त्यांचा लाल रंग आम्हीच बाटलीतून घालतो. पेशंट बरा होवो नाहीतर मरो, ती रांग लालच राहते. तुम्ही माझी बहीण बरी केली नाहीत, आमची बाटली बरी केलीत."

मग तिनं पहिल्या चित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो उघडला आणि त्यातल्या लाल-हिरव्याची अदलाबदल केली. बोट टेकवायचा अवकाश, बुवांचं दुसरं चित्र हुबेहूब तयार. पट्टीवरचा चराही त्याच जागी. नवी पट्टी केली असती तर जुना चरा तिच्यावर कुठून आला असता? आणि गाठीतलं चित्र काढायला गाठीचा तुकडा लागतो, बोटातला थेंब पुरत नाही. खरंच सगळं निरोगी पेशींसारखं झालं असतं, तर ठिपके पिवळे व्हायला हवे होते. धाकटी हे सांगत पुढच्या रांगांमधून मोबाइल दाखवत फिरली.

बुवा म्हणाले, अविश्वासाच्या लहरी पसरवू नका, त्यानं ठिपके परत लाल होतात. काही माना तरीही डोलल्या. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मोबाइल डोळ्यांशी नेऊन नीट पाहिला आणि परत दिला. "खोटं असेल, पोरी. पण हेही काढून घेतलंस तर आमच्याकडे राहिलं काय?"

भाऊजींशेजारी बसलेली ताई मात्र उठली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "रुग्णालयात सगळे मला तपासायचे, बोलायचं कुणी नाही. हा रोज विचारायचा, झोप लागली का म्हणून." धाकटीनंही तिला ते कधी विचारलं नव्हतं. तिनं फक्त युक्तिवाद केले होते.

नव्या तपासण्या झाल्या. आजार यकृतात पोचला होता. पूर्वी डॉक्टर "बऱ्या व्हाल" म्हणायचे, आता ते "आटोक्यात ठेवू" म्हणाले. भाऊजी तावातावानं बुवांकडे गेले, तर बोभाटा नको म्हणून त्यांनी हसतमुखानं पैसे परत केले. भाऊजींनी ते ताईच्या उशाशी ठेवले. ताईनं त्या पैशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पैसे दिले ना त्यानं? आता त्याला म्हणावं, माझे ते महिने दे."

भाऊजी भिंतीकडे तोंड करून रडले. बुवांनी तोवर दुसऱ्या गावात सभागृह घेतलंही होतं.

म्हणून सांगणं इतकंच. पांढरा कोट, पडदा आणि विज्ञानाचे चार शब्द कुणालाही भाड्यानं मिळतात. हे कशावरून मोजलंत, तिऱ्हाइतानं ते पुन्हा मोजून पाहिलंय का, हे तोंडावर विचारा. खरा डॉक्टर अशा प्रश्नांनी चिडत नाही. आणि घरातल्या आजारी माणसाला झोप लागली का, हे बुवाच्या आधी तुम्ही विचारा.