मागची बाजू

तिने पान खिडकीसमोर तिरपं धरलं. सरळ धरलं की नुसता पिवळट कागद दिसायचा. तिरपं केलं की त्यावर करड्या, बारीक ओळी उमटायच्या. पेन्सिलीने लिहिलेल्या पाच ओळी. त्या वाचायचा धीर तिला झाला नाही. तिने पान स्कॅनरमध्ये सरकवलं आणि पडद्यावर काय येतं ते बघत राहिली.

पुढची बाजू आली. मागची आलीच नाही.

तिने तेच पान पुन्हा घातलं, मग तिसऱ्यांदा. यंत्राची काही चूक नव्हती. जे सांगितलं होतं तेच ते इमानेइतबारे करत होतं. सांगणारी ती होती. 

एका संस्थेच्या चौदा बालगृहांत वाढलेल्या मुलांच्या फायली ह्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पेट्यांत भरून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या स्कॅन करून संगणकात ठेवायच्या, कागदांचा गिरणीत लगदा करायचा आणि खोली रिकामी करायची, असं ठरलं होतं. त्यासाठी किती सर्व्हर लागतील, कोणता कशासाठी, हे ठरवणं तिचं काम. तिच्या तक्त्यात प्रत्येक यंत्रापुढे एक रकाना असे: हे बंद पडलं तर? ज्या यंत्रापुढे 'दुसरं तयार आहे' असं लिहिता येत नसे, ते तिला झोपू देत नसे. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला ह्या रकान्याची भारी गंमत वाटायची. "लग्न ठरवतानाही विचारलं होतं का हे?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

त्यांना सगळे पेन्सिलकाका म्हणत. कधी काळी ह्या खोलीत शाईची दौत सांडली आणि चार मुलांची नावं त्या डागाखाली गेली. तेव्हापासून इथे पेन आणायला बंदी. तिचंही पेन दाराबाहेरच्या डब्यात ठेवायला लावून त्यांनी हातात पेन्सिल दिली होती. रोज ती तीच पेन्सिल वापरत होती, तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

चूक झाली ती नमुन्याच्या पेटीपाशी. अंदाज बांधायला एक पेटी द्या, असं ती म्हणाली, तेव्हा काकांनी शोधून शोधून सगळ्यात देखणी पेटी काढली. पाहुण्यांपुढे फाटकी चादर कोण घालतं? त्या पेटीतले कागद नवे, छापील, मागे स्वच्छ कोरे. तिने हिशेब केला: कोरी पानं आपोआप गाळायला सांगितलं, तर जागा जवळजवळ निम्मी लागेल. मग शोधसूचीसाठी एक सर्व्हर आणि पानांसाठी एक, असं दोघांत भागेल. तिसरा नको. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तिने पडद्यावर 'कोरी पानं गाळा' ह्या चौकोनात खूण केली आणि यंत्र कामाला लागलं. फिकट पेन्सिल म्हणजे त्याच्या लेखी कोरं पान.

एकोणीस पेट्या झाल्या होत्या. अकरा मंगळवारीच गिरणीत गेल्या. आठ खाली पोर्चमध्ये होत्या आणि दुपारी बाराला ट्रक येणार होता.

ती जिन्यावरून धावतच खाली गेली. पहारेकऱ्याला म्हणाली, "ट्रक आला तर थांबवा. मोजणी राहिली आहे."

मोजणी राहिली नव्हती. मग तिने पोर्चच्या कोपऱ्यात उभं राहून साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी विचारलं:

"हे अजून कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस. ती खूण काढ, ह्या आठ पुन्हा स्कॅन कर. अकरा पेट्यांच्या मागे काय होतं ते कोणाला माहितीये?"

"लिहिणाऱ्याला माहीत असेल."

"सत्तरीच्या माणसाला? अगं, तुझी नोकरी जाईल, आणि माझी शोभा होईल ती वेगळीच."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिची आई उठताबसता म्हणायची. पायऱ्या चढताना तिने खरोखरच मूठ आवळलेली होती. ती खूप घाबरली होती, आणि आपण मुलांसाठी घाबरलो आहोत की नोकरीसाठी, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

वर खोलीत कोणीतरी आलं होतं. चाळिशीचा माणूस, मांडीवर हेल्मेट. काका मोठ्या तोऱ्यात त्याला यंत्र दाखवत होते.

"आता पेट्या उपसायला नकोत. आमच्या ताईंनी सगळं आत घातलंय. दोन्ही बाजू एकदम घेतं हे. ताई, ह्यांची फाइल काढा बरं. सातवी पेटी."

सातवी. मंगळवारी गेलेल्या अकरांतली. तिने नंबर टाकला. पान लगेच आलं, अगदी स्वच्छ. दाखल केल्याची तारीख. वजन दोन किलो शंभर. प्रकृती ठीक. आणणाऱ्याचं नाव: अज्ञात.

माणूस पुढे वाकून वाचत होता. वाचायला फार नव्हतंच.

"मुलगी विचारायला लागली, आजी कशी होती म्हणून," तो म्हणाला. "एवढंच असतं का ह्यात?"

"छे, छे. हे सरकारी झालं. खरं मागे असतं. कोणी आणलं, काय बोललं, जाताना मागे वळून बघितलं का. मुलं आधी इथेच यायची, मी सगळं मागे लिहायचो. ताई, मागची बाजू दाखवा."

तिचा हात माउसवर होता. 'मागे कोरं आहे', एवढंच म्हणायचं. तीन शब्द. कागदाचा लगदा झाला होता. ते तीन शब्द ह्या जगात कोणीही खोटे पाडू शकलं नसतं. 

"काका, मागची बाजू नाहीये," ती म्हणाली. "होती. यंत्राला ती कोरी वाटली. कोरी पानं टाकून दे, असं त्याला मीच सांगितलं होतं."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याकडे बघितलं. चष्म्याचाच दोष असावा, असं त्यांना एक क्षण वाटलं असेल.

"कागद?"

"मंगळवारी गेले. अकरा पेट्या. बाकीच्या मी थांबवल्यात."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले, डोळे मिटले, आणि त्यांची बोटं टेबलावर हलायला लागली, पेटीतली एकेक फाइल मागे सारावी तशी.

"ह्यांच्या आधीची मुलगी," ते म्हणाले. "तिला मामाने आणलं. वाटेत तीन घरी दूध मागितलं होतं त्याने. ह्यांच्या नंतरचे जुळे. त्यांची आई दारापर्यंत गेली, परत आली आणि दोघांची टोपडी अदलाबदल करून गेली. का ते कळलं नाही." बोटं थांबली. एक बोट मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. "आणि तुमचं..."

माणसाने हेल्मेट घट्ट धरलं होतं.

"तुमचं लिहिलं होतं. चांगलं अर्धं पान. मध्येच पेन्सिलीला टोक करायला उठलो होतो, ते आठवतंय. काय लिहिलं ते येत नाही."

"अर्धं पान?"

"अर्धं. थोडं जास्तच."

"म्हणजे लिहिण्यासारखं काहीतरी होतं तर," तो म्हणाला आणि उठला. तिच्याकडे त्याने बघितलं, पण बोलला काकांशीच. "पुढच्या रविवारी येतो. आठवेल तेव्हा सांगा. घाई नाही."

तो गेला तरी ते 'घाई नाही' तिच्या कानात राहिलं. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बसा," काका म्हणाले. "कोरे... पाठकोरे कागद आहेत त्या खणात. आठवतंय तोवर लिहून घ्या."

आधी तिने नियोजनाचा तक्ता उघडला. पानांसाठी आणखी एक सर्व्हर लागेल, असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: माझी चूक. अकरा पेट्यांच्या मागच्या बाजू कायमच्या गेल्या आहेत. आणि पाठवून दिलं. दोन मिनिटांत फोन वाजायला लागला. तिने तो खणात टाकला आणि पेन्सिल घेतली.

काका सांगत गेले, ती लिहीत गेली, दाबून, ठळक. पहिली पेटी. एका मुलाच्या मनगटाला बांधलेली चिठ्ठी. एक आजोबा, दर महिन्याला फाटकाशी येऊन परत जाणारे. अकरा पेट्या, प्रत्येकीत नव्वद-शंभर मुलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सत्तावीस झाली. अठ्ठाविसाव्याला ते अडखळले. हाच का तो चिठ्ठीवाला, असं त्यांनी तिलाच विचारलं. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, चांगली लांब, आणि ती पेन्सिल हातात धरून त्यांच्या छातीकडे बघत राहिली.

"पाणी पिऊन येतो खालून," ते उठत म्हणाले.

"मी आणते."

"पाय मोकळे करायचेत. तुमच्यासारखं बसून राहायची सवय नाही."

जिना उभा होता. मधल्या एका पायरीची कड तुटलेली होती. इतके दिवस ती पायरी तिने कधी नीट बघितली नव्हती. ती काकांना मागे टाकून झटकन पुढे झाली आणि त्यांच्या खाली एक पायरी, त्यांच्याकडे तोंड करून, उलटी उतरायला लागली. एक हात कठड्यावर, दुसरा हवेत, त्यांच्या कोपराजवळ.

"ताई, मी काय काचेचा आहे?" काका हसले.

ह्यांच्यापुढे 'दुसरं तयार आहे' असं तिला लिहिता आलं नसतं. त्यांच्या पावलांवरची नजर न काढता ती एकेक पायरी चाचपत खाली उतरत राहिली.