पाच वॅट आणि आबांचे कान

माझं लायसन आलं तेव्हा मी नववीत होते आणि अख्ख्या गोडादऱ्यात माझ्याइतकं महत्त्वाचं माणूस दुसरं नव्हतं. हे माझं मत. पण ते मी सगळ्यांना कळवलं होतं, त्यामुळे आता ते सगळ्यांचंच आहे असं मी धरून चालले होते. भारत सरकारने मला, उज्ज्वला निंबा हिला, घरबसल्या बिनतारी संदेश पाठवायची लेखी परवानगी दिली होती. जपान म्हणा, ब्राझील म्हणा, सरकारची हरकत नव्हती. हरकत होती शेजारच्या सरलाबाईंची.

गच्चीवर दोन बांबूंच्या मधे मी दहा मीटर तांब्याची तार ताणली होती, नेमकी त्यांच्या कपडे वाळत घालायच्या जागेवर.

"काहून वं पोरी," त्या म्हणाल्या, "या तारेनं होते काय, ते तर सांग."

"मावशी, हिच्यावर परदेश लागतो."

"लागला काय?"

"अजून नाही."

"मंग लागल्यावर बांधजो."

शेवटी तह झाला. मार्चच्या शेवटच्या रविवारी हौशी रेडिओवाल्यांची जागतिक स्पर्धा होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोर्सच्या टिंब-रेघांत जितके देश गाठता येतील तितके गाठायचे. मला एक जरी परदेश लागला आणि त्याचा छापील कागद आला, तर तार राहील. नाही लागला तर सोमवारी बांबू खाली. मी हसून हो म्हटलं. एकच? मी वहीत शंभर ओळी आखून ठेवल्या होत्या.

माझा सेट स्टीलच्या डब्यात होता. पर्वत पाटियाला रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या धर्मेंद्रभाईंनी तो माझ्याकडून बांधून घेतला होता, मोर्सही त्यांनीच शिकवलं होतं. सेटची ताकद पाच वॅट. आमच्या देव्हाऱ्यातला झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॅट खातो. "बेटा, पाँच वॅट में लोग दुनिया घूम आते हैं," धर्मेंद्रभाई म्हणाले होते. कोण लोक ते मी विचारलं नाही.

खरी अडचण खालच्या मजल्यावर होती. आम्ही राहतो त्या खोलीखाली चोवीस यंत्रमाग आहेत आणि त्यांच्या मोटारींचा सगळा घरघराट माझ्या हेडफोनमध्ये येतो. पण आमच्या भागात कारखान्यांची वीज रविवारी बंद असते, म्हणजे माग बंद. स्पर्धाही रविवारी. हा योग जुळलेला पाहून माझी खात्रीच पटली की जगाची आखणी माझ्या सोयीने झाली आहे.

रविवारी सकाळी शेठने जनरेटर आणला. लग्नसराईच्या साड्यांची ऑर्डर होती. आठ वाजता चोवीसच्या चोवीस माग सुरू झाले.

तरी मी दारावर पाटी लावली: 'एकट्याची स्पर्धा चालू आहे. आत येऊ नये.' नियमच तसा होता. मी 'एकटी' या गटात नाव घालणार होते आणि त्यात ऐकणं, पाठवणं, लिहिणं सगळं एकाच माणसाने करायचं असतं. माझे वडील, आबा, त्याच कारखान्यात माग चालवतात. रात्रपाळी करून आलेले आबा पाटीसमोर उभे राहिले, आईकडे पाहिलं आणि गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन आडवे झाले.

तीन वाजेपर्यंत माझ्या शंभर ओळींत एकही अक्षर नव्हतं. मोठमोठी स्टेशनं ऐकू येत होती, पण त्यांना मी ऐकू जात नव्हते. मी स्वतः पुकारा केला की पुढे नुसता घरघराट. त्यात कुणी उत्तर देत असेल तर ते त्याचं त्याला माहीत. मधेच सरलाबाई धुतलेल्या चादरींची बादली घेऊन दारावरून गेल्या, सावकाश, आणि परतही तितक्याच सावकाश आल्या.

मी हेडफोन काढून टेबलावर टाकला. त्या आवाजाने, का कशाने, आबा उठून आले. आमच्याकडे आबांना बहिरे समजतात. आई तीन हाका मारते तेव्हा ते एकदा वळतात. वीस वर्षं मागांत काढल्यावर आणखी काय होणार? त्यांनी पाटी वाचली नाही, हेडफोन उचलला आणि कानाला लावला.

"चार नंबर कोरडा चाली ऱ्हायना," ते म्हणाले. "तेल नई घालं कोनी."

"आबा, तो रेडिओ आहे."

"हां. आन मागे कोनी तरी शे." त्यांनी डोळे मिटले. "बारीक. शिट्टीसारखं. थांबी थांबी बोली ऱ्हायना."

मी हेडफोन ओढून घेतला. घरघराट. परत त्यांना दिला. आठ-आठ माग एकट्याने सांभाळणारा माणूस गोंगाटात मागांचा आवाज ऐकतच नाही, एवढ्या आवाजात तुटलेला धागा ऐकतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला एवढंच सुचलं की मनगट पुढे करावं.

"जसं ऐकू येईल तसं दाबा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड."

त्यांनी अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. पहिल्यांदा माझाच कॉलसाइन आला, सरकारने दिलेलं माझ्या स्टेशनचं नाव, माझ्याच मनगटावर. मग त्याचा. ओ, एच, म्हणजे फिनलंड. मी डाव्या मनगटावर फिनलंड घेत होते आणि उजव्या हाताने त्याला उत्तर देत होते. त्याने मला पाच-नऊ-नऊ दिलं, म्हणजे तुझा आवाज खणखणीत आहे. स्पर्धेत सगळे सगळ्यांना हेच देतात. मीही त्याला दिलं. मला तो एका टिंबानेही ऐकू आलेला नव्हता.

"गया," आबा म्हणाले, हेडफोन ठेवला आणि पुन्हा झोपायला गेले.

संध्याकाळपर्यंत दुसरा कुणी आला नाही. वहीत एक ओळ, बाकी नव्व्याण्णव कोऱ्या.

धर्मेंद्रभाई वही बघून खूश झाले. "एकटीच्या गटात पाठवून दे. कोणाच्या कानाने ऐकलं ते फिनलंडवाला थोडाच विचारणार आहे?"

मी दोन दिवस तो फॉर्म घेऊन फिरले. एकटीच्या गटात पाठवावं तर कागदावर खोटं जातं. खरं लिहावं तर उरतो 'अनेक जण' हा गट, आणि त्यात जगभरचे क्लब असतात, शंभर फुटी टॉवर, दहा-दहा माणसं. तिथे माझी एक ओळ म्हणजे हसू. कागद आलाच नाही तर तार गेली. पण मनगटावर अजून अंगठा लागत होता. मी 'अनेक जण'वर खूण केली आणि खाली माझं आणि आबांचं नाव लिहिलं: उज्ज्वला, निंबा.

नोव्हेंबरात जाड पाकीट आलं. प्रमाणपत्र, सोनेरी कडा. गट: अनेक जण. संपर्क: एक. गुण: तीन. भारतात प्रथम.

सरलाबाईंनी ते लांब धरून पाहिलं. "भारतात पहिली? किती जण होते वं?"

"आम्हीच," मी म्हटलं. भारतातून त्या गटात दुसरं कुणी उतरलंच नव्हतं.

त्यांनी थोडा विचार केला. "पहिली म्हणजे पहिली," म्हणाल्या आणि आपली दोरी जिन्याच्या बाजूला बांधायला गेल्या.

आबांनी प्रमाणपत्र मांडीवर घेतलं, दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. आईने चहाला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मी त्यांच्या मनगटावर एक लांब दाबलं. ते वळले, पण चहाकडे नाही, माझ्याकडे.

"पुढला टायमाले," ते म्हणाले, "मनं नाव वर लिखजो."